मरगळलेलं ऑर्किड: पाणी आणि कुंडीबदल, नाशिकच्या हवेत

गृहप्रवेशाला, वाढदिवसाला हल्ली पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी देतात. पांढरी चिनी मातीची कुंडी, जाड हिरवी पानं, वाकलेल्या दांड्यावर पांढरी-जांभळी फुलं. दोन-तीन महिने फुलं टिकतात, येणारा-जाणारा कौतुक करतो. मग फुलं गळतात, पानं लोळायला लागतात आणि ‘आपल्या नाशकात हे जगत नाही’ असा निकाल देऊन कुंडी मागच्या गॅलरीत जाते.

हवेचा दोष फार थोडा. ही झाडं जातात ती पाण्याने, आणि बहुतेकदा जास्तीच्या पाण्याने. गोची अशी की तहानलेल्या ऑर्किडची पानं आणि मुळं कुजलेल्या ऑर्किडची पानं सारखीच दिसतात. दोन्ही सुरकुततात, दोन्ही लुळी पडतात. मूळ कुजलं की झाड पाण्यात बसूनही तहानलेलंच राहतं. पान बघून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही घालवतो. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण मुळं बघितल्याशिवाय पाण्याच्या तांब्याला हात लावायचा नाही, एवढं पाळा.

पुढचं सगळं फॅलेनॉप्सिसबद्दल आहे, कारण भेट म्हणून येणारं ऑर्किड बहुधा तेच असतं. ओळख सोपी: रुंद, जाड पानं दोन बाजूंना एकावर एक, आणि खोड जवळजवळ दिसतच नाही. तुमच्याकडे पेरं असलेल्या उभ्या काठ्यांचं झाड असेल तर ते डेंड्रोबियम, त्याला ऊन जास्त लागतं. लाकडी टोपलीतून हात-हात लांब मुळं लोंबत असतील तर व्हँडा, त्याला आपल्या उन्हाळ्यात रोज पाणी द्यावं लागतं. त्यांना इथले आकडे लावू नका.

१. हे झाड मातीतलं नाही

पावसाळ्यात त्र्यंबक-हरसूलकडे किंवा इगतपुरीच्या बाजूला फिरताना जुन्या झाडांच्या खोडांवर आमरी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, दिसते. बरेच जण तिला बांडगूळ समजतात. बांडगूळ झाडाचा रस घेतं, आमरी फक्त बसायला जागा घेते. तिची मुळं सालीला चिकटून किंवा सरळ हवेत असतात. पाऊस आला की चिंब होतात आणि वारा सुटला की काही तासांत सुकतात. (ती आमरी खरवडून घरी आणू नका. राखीव जंगलातून झाडं काढणं गुन्हा आहे, आणि ती घरात टिकतही नाहीत.)

फॅलेनॉप्सिस हे आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतलं तिचंच भावंड. त्याच्या मुळावर पांढरट, स्पंजी थर असतो. हा थर पाणी भराभर शोषतो आणि ओला झाला की पारदर्शक होतो, म्हणून आतला हिरवा रंग दिसायला लागतो. कोरडं मूळ चांदीसारखं राखाडी, ओलं मूळ हिरवं. पाणी हवंय की नको हे झाड तुम्हाला एवढ्या उघडपणे सांगत असतं. म्हणून तर रोपवाटिकेवाले ते पारदर्शक प्लास्टिकच्या कपात वाढवतात. आपण तो कप चिनी मातीच्या कुंडीत दडवून ठेवतो ही गोष्ट वेगळी.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. काळ्या मातीत किंवा नर्सरीत मिळणाऱ्या तयार ‘पॉटिंग मिक्स’मध्ये हे झाड लावलंत तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती आतून सडतात. नुसतं कोकोपीटही नको, ते चिखलासारखं बसतं.

२. तपासणी करा

शोभेची बाहेरची कुंडी बाजूला काढा. तिच्या तळाला भोक आहे का बघा. बहुतेक वेळा नसतं, आणि तळाशी दोन बोटं शिळं पाणी साचलेलं असतं. आता आतला पारदर्शक कप उजेडात धरा.

मुळं राखाडी, टणक, पानं मात्र सुरकुतलेली: झाड खरंच तहानलेलं आहे. कुंडीबदलाची घाई नाही. सरळ तिसऱ्या पायरीवर जा.

मुळं हिरवी, टणक, टोकं चमकदार हिरवी किंवा लालसर: मुळं ठणठणीत आहेत. सगळ्यात खालचं एखादं जुनं पान पिवळं पडलं असेल तर ते वयाने. राहू द्या, आपोआप सुकून गळेल.

मुळं तपकिरी, दाबली तर मऊ, कपातून कुबट वास, कडेला शेवाळ: कुजायला लागलंय. पाणी बंद, आणि आज-उद्याच कुंडी बदला.

चौथा प्रकार दुर्दैवी. पानं मुळाकडून नव्हे तर मध्याकडून, म्हणजे जिथून नवं पान निघतं त्या शेंड्याकडून काळी, पाणचट होतात आणि हात लावताच सुटून येतात. पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा कुजलाय. फॅलेनॉप्सिसला वाढायला एकच शेंडा असतो, तो गेला की त्या खोडावर पुढे पान येत नाही. मुळं धड असतील तर कधीकधी बुडाशी नवं पिल्लू फुटतं, म्हणून लगेच फेकू नका. पण त्याच्या भरवशावरही राहू नका.

३. पाणी: कधी, किती, कोणतं

‘आठवड्यातून एकदा पाणी’ असं लेबलवर लिहिलेलं असतं. जिथे वर्षभर हवा सारखी असते तिथे ते ठीक. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत, जुलैत भिंतीला ओल, आणि जानेवारीत पहाटे निफाडच्या थंडीच्या बातम्या. या तिन्हींत एकच वेळापत्रक चालणार कसं?

वार बघू नका, कुंडी बघा. तीन खुणा आहेत. पहिली, कपाच्या कडेची मुळं राखाडी झालीत का. दुसरी, वजन: एकदा नीट भिजवून निथळल्यावर आणि एकदा पूर्ण सुकल्यावर कुंडी हातात तोलून बघा, फरक हाताच्या लक्षात राहतो. तिसरी, काडी: कबाबाला वापरतात तसली बांबूची काडी मधोमध खुपसून ठेवा. काढल्यावर गार, ओलसर लागली तर थांबा. कडेची मुळं सुकलेली आणि मध्य ओलाच असं फार वेळा असतं, म्हणून ही तिसरी खूण सोडू नका.

माझ्या खिडकीतला अंदाज सांगतो, तो सुरुवातीपुरता धरा. मार्च ते मे दर तीन-चार दिवसांनी. जून ते सप्टेंबर आठ-दहा दिवसांनी, झडीच्या आठवड्यात त्याहूनही उशिरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाच-सहा दिवसांनी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ-दहा दिवसांनी. झाड स्फॅग्नम शेवाळात (रोपवाटिकेत कपात भरतात ते स्पंजासारखं शेवाळ) असेल तर याहून उशिरा आणि सालीच्या तुकड्यांत असेल तर थोडं लवकर.

पद्धत: आतला कप बादलीत किंवा खोल पातेल्यात ठेवा, पाणी कपाच्या काठाखाली राहील एवढं भरा आणि दहा-पंधरा मिनिटं सोडा. उचला, कलता करून निथळू द्या. थेंब पडायचे थांबेपर्यंत मोरीतच राहू दे. मगच शोभेच्या कुंडीत. कुजकं झाड आणि चांगलं झाड एकाच बादलीत एकापाठोपाठ बुडवू नका, रोग पाण्यातून पसरतो.

वेळ सकाळची. बेचक्यात पाणी गेलंच तर कापसाने किंवा टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. रात्रभर पाणी तिथे राहिलं की वर सांगितलेलं शेंड्याचं दुखणं सुरू होतं. पावसाळ्यात झाड उघड्या गॅलरीत ठेवणाऱ्यांची झाडं बहुतेक याच कारणाने जातात. पहिल्या पावसात सगळ्यांनाच वाटतं, भिजू दे बिचाऱ्याला. एखादी सर ठीक, झड नको.

पाण्याच्या तापमानाचा विचार कोणी करत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं आणि जानेवारीत सकाळी बोटं बधिर करतं. दोन्ही मुळांना वाईट. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवली की प्रश्न मिटतो. बर्फाचे खडे ठेवायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेत त्यावर रीतसर प्रयोग झाले आणि झाडाला अपाय होत नाही असंच दिसलं. तरी ती युक्ती मुख्यतः पाणी मोजून घालण्यासाठी आहे. आपल्या एप्रिलमध्ये तीन खडे म्हणजे काहीच नाही.

आता कोणतं पाणी. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी या झाडाला चालतं. बोअरवेलच्या पाण्याने कुंडीवर, सालीवर पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं काळी पडतात, ते टाळा. नव्या सोसायट्यांत दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळलेलं असतं. शंका असेल तर घरचं फिल्टर दुरुस्त करायला येणाऱ्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन असतं, त्याला नळाचं पाणी मोजायला सांगा. दोनशेच्या आतबाहेर असेल तर निर्धास्त वापरा, पाचशेच्या पुढे असेल तर नको. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी काटकसर म्हणून झाडांना घालतात. त्यात क्षार एकवटलेले असतात, ऑर्किडला ते अजिबात घालू नका. सगळ्यात उत्तम पावसाचं. सुरुवातीच्या दोन-चार सरींनी छत धुऊन निघालं की पुढचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा.

फवारणीबद्दल एवढंच: पानांवर पाण्याचा फवारा मारणं म्हणजे पाणी घालणं नव्हे. उन्हाळ्यात सकाळी हवेतल्या मुळांवर हलका फवारा मारला तर बरं. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवायची युक्ती दिसायला छान, पण ओलावा त्याने थोडाच वाढतो. त्यापेक्षा चार-पाच झाडं एकत्र ठेवा. घरात कूलर असेल तर झाड त्याच खोलीत, पण थेट झोतात नको.

४. सामान

कुंडी बदलायला घेण्याआधी हे सगळं हाताशी ठेवा. झाड उघडं पाडून दुकानात धावायची वेळ येऊ नये.

• पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, तळाला आणि बाजूंना भोकं असलेली. मिळाली नाही तर मिठाईचा पारदर्शक डबा घ्या आणि तापवलेल्या सळईने भोकं पाडा. खिडकी उघडी ठेवून करा, धूर होतो.
• पाइनच्या सालीचे तुकडे. गंगापूर रोडच्या मोठ्या रोपवाटिकांत विचारा, नाही तर ऑनलाइन. पुडा उघडल्यावर भुगा निघाला तर चाळून टाका. बोटाच्या पेराएवढे तुकडे हवेत.
• लाकडी कोळसा. इस्त्रीवाल्याकडचा चालतो. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या गोल वड्या नकोत, त्यांत चिकटवण्यासाठी आणखी काहीबाही घातलेलं असतं.
• सुक्या नारळाच्या सोडणाचे तुकडे. शहाळ्याचं हिरवं सोडण नको, ते कुजतं. सुकं सोडणही तुकडे करून चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवावं लागतं. पाणी तांबूस येतं, ते फिकं होईपर्यंत बदलत राहा. त्यात क्षार असतात.
• धारदार कात्री. द्राक्षबागेतली छाटणीची कात्री घरात असेल तर उत्तम, फक्त आधी स्वच्छ करा.
• स्पिरिट किंवा लायटर, हातमोजे, दालचिनीची पूड, बांबूच्या काड्या, सुतळी नव्हे तर मऊ दोरा किंवा कापडाची पट्टी.

मिश्रणाचं माझं प्रमाण: साल तीन वाट्या, कोळसा एक वाटी, सोडण एक वाटी. उन्हाळ्यात घर फार तापत असेल, पश्चिमेची भिंत असेल, तर सोडण थोडं वाढवा, ते ओल धरून ठेवतं. सालीऐवजी विटांचे तुकडे वापरणारे लोक आहेत. चालतात, पण कुंडी जड होते आणि एप्रिलमध्ये एका दिवसात सुकते.

मातीच्या भोकांच्या कुंड्या जुन्या नाशकात कुंभारवाड्यात मिळतात. दिसतात सुंदर, आणि दमट कोकणात त्याच योग्य. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फॅलेनॉप्सिससाठी मी प्लास्टिकच घेईन. मुळं दिसतात, हा फायदा मोठा आहे. मातीची हवी असेल तर पारदर्शक कप तिच्या आत सैल बसेल अशी घ्या.

५. कुंडी कधी बदलायची

कुजायला लागलं असेल तर मुहूर्त बघू नका, फुलं असली तरी. बाकी वेळी फुलं गळून गेल्यावर, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली की. नाशकात फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला: थंडी गेलेली असते, उन्हाचा कडका सुरू व्हायचा असतो. चुकलात तर जूनचे पहिले पाऊस पडल्यावर. डिसेंबर-जानेवारीत शक्यतो नको, थंडीत मूळ वाढत नाही आणि कापलेली जागा लवकर भरत नाही. चांगल्या झाडाला दीड-दोन वर्षांनी कुंडीबदल लागतोच, कारण साल हळूहळू कुजून बारीक होते आणि मधली हवा जाते.

नवं झाड घरी आल्या आल्या बदलू नका. फुलं संपू द्या. फक्त शोभेच्या कुंडीतून कप बाहेर काढून पाणी द्या, तेवढं पुरतं.

६. प्रत्यक्ष कुंडीबदल

वर्तमानपत्र पसरा. कप पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, ओली मुळं लवचीक होतात आणि मोडत नाहीत. कप चारही बाजूंनी हलक्या हाताने दाबा आणि झाड उलटं करून काढा. अडकलं तर ओढू नका, कप कापा. कप दहा-वीस रुपयांचा, मूळ यायला महिने लागतात.

आता जुनं शेवाळ किंवा साल बोटांनी सोडवा. मुळांच्या अगदी मधोमध, खोडाखाली, गच्च दाबलेला शेवाळाचा गोळा असतो, कधी प्लास्टिकच्या जाळीत गुंडाळलेला. रोप लहान असताना ते त्यात लावलेलं असतं. बाहेरचं सगळं सुकलं तरी हा गोळा ओलाच राहतो आणि कुजणं इथूनच सुरू होतं. चिमट्याने थोडा थोडा करून पूर्ण काढा. वेळ लागतो, लागू द्या. वरवरची साल बदलून हा गोळा आतच ठेवला तर कुंडी बदलली काय आणि नाही काय.

मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. मग एकेक मूळ दोन बोटांत धरून दाबा. टणक लागलं तर जिवंत. पोकळ, चपटं, दाबताच साल निघून आत दोऱ्यासारखी तार उरते ते मेलेलं. रंगावर जाऊ नका. उजेड न मिळालेलं मूळ पिवळट-तपकिरी असूनही धडधाकट असतं, ते कापलंत तर नुकसान तुमचंच. हवेत आलेली मुळं आगाऊ वाटली तरी कापायची नाहीत.

मेलेला भाग जिवंत भागापर्यंत मागे कापा. अर्धं मूळ चांगलं असेल तर अर्धं ठेवा. कात्री कामाआधी स्पिरिटने पुसा किंवा ज्योतीवर धरा, आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुन्हा. (स्पिरिट आणि ज्योत एकाच वेळी नको.) ऑर्किडचे विषाणू कात्रीतून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांवर औषध नाही.

कापलेल्या टोकांवर दालचिनीची पूड चिमटीने लावा. फक्त कापावर. दालचिनी जागा सुकवते, निरोगी मुळांवर भुरभुरलीत तर तीही सुकतील. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस आणण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. तो फेस जिवंत पेशींवरही येतो, आणि आधीच मोजकी मुळं उरली असताना हा खेळ कशाला? द्राक्षवाल्यांच्या घरात मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा पुडा पडलेला असतोच. वापरायचं तर घराबाहेर, हातमोजे आणि मास्क लावून, पुड्यावरच्या प्रमाणातच, आणि स्वयंपाकातलं भांडं त्यासाठी घ्यायचं नाही. कापणी स्वच्छ झाली असेल तर माझ्या मते त्याची गरज नाही.

दांडा उरलेला असेल तर आजारी झाडाचा तो बुडापासून इंचभर ठेवून कापा. हिरव्या दांड्याच्या डोळ्यातून पुन्हा फुलं येऊ शकतात हे खरं, पण अशक्त झाडाला ते पेलत नाही.

झाड दोन-तीन तास सावलीत उघडं ठेवा, काप सुकू द्या. मग कुंडी निवडा. मुळांच्या मापाची, पानांच्या नव्हे. हातात मुळं गोळा केल्यावर जेमतेम मावतील एवढीच. मुळं कमी झाली असतील तर कुंडी पहिल्यापेक्षा लहान होईल. मोठ्या कुंडीत रिकाम्या भागातली ओल सुकत नाही आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो.

तळाला कोळशाचे दोन-चार मोठे तुकडे टाका. झाड मधोमध धरा, सगळ्यात खालचं पान कुंडीच्या काठाच्या पातळीला. बाजूंनी मिश्रण सोडत जा, कुंडी हलकेच आपटा, म्हणजे तुकडे मुळांमध्ये उतरतात. अंगठ्याने ठासू नका. खोडाचा बुडखा मिश्रणावर उघडा राहिला पाहिजे, पुरला तर कुजतो. झाड डगमगत असेल तर काडी रोवून बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी टोकं घासून मरतात.

७. मुळंच उरली नसतील तर

सगळं कापून झाल्यावर एखाद-दुसरा बोटभर तुकडा शिल्लक राहिला, तर कुंडीत लावण्यात अर्थ नाही. झाकणाचा मोठा पारदर्शक डबा किंवा पिशवी घ्या. तळाला ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ पसरा, मुठीतून एकही थेंब पडता कामा नये. त्यावर वाटी उपडी ठेवून झाड तिच्यावर टेकवा, म्हणजे बुडखा शेवाळाला लागणार नाही पण दमट हवा मिळेल. उजेडात ठेवा, उन्हात नको, बंद डब्यात झाड शिजतं. दोन दिवसांआड झाकण काढून वारा द्या आणि बुरशी दिसते का बघा.

नवं मूळ फुटायला महिना लागू शकतो, तीन-चारही लागतात. तोवर खालची पानं एकेक करून जातील. झाड त्यांतलं पाणी आणि अन्न वापरतंय, त्यामुळे पिवळं पान ओढून काढू नका. नवं मूळ दोन इंचांचं झालं की लहान कुंडी. पावसाळ्यात हा उपाय चांगला लागू पडतो, एप्रिल-मेत अवघड जातो.

८. नंतरचे चार आठवडे

कुंडी बदलल्यावर लगेच पाणी नाही. उन्हाळा असेल तर दोन-तीन दिवस, एरवी चार-पाच दिवस थांबा. पानं थोडी आणखी सुरकुततील, घाबरू नका. मग नेहमीसारखं भिजवायला सुरुवात करा. नवी साल पहिले काही आठवडे पाणी नीट धरत नाही, त्यामुळे काडीची खूण जास्त वेळा बघा.

जागा पूर्वेच्या खिडकीची. सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची एकच खिडकी असेल तर मध्ये पांढरा पडदा. गॅलरीत ठेवायचं तर पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. ती दिंडोरी रोडला, मार्केट यार्डाच्या बाजूच्या शेतीच्या दुकानांत मीटरवर मिळते. पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी, कडांना लालसर झाक आली तर उजेड सोसेल त्या हद्दीवर, पांढरा-तपकिरी चट्टा पडला तर भाजलं. भाजलेला चट्टा परत हिरवा होत नाही. सुरकुतलेली जुनी पानंही पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही. सुधारणा नव्या पानात आणि नव्या मुळात शोधा.

नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत देऊ नका. त्यानंतर कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पुरेसं आहे, पण द्राक्षाच्या मात्रेत नाही. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचं टोक. पंधरा दिवसांतून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढा. शेणखत, गांडूळखत, आंबवलेलं ताक, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा यांतलं काहीही नको. गुलाबाला चालतं ते इथे चालत नाही, सालीतल्या हवेच्या जागा बुजतात आणि चिलटं होतात.

कीड: पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. बागायतदारांना मिलीबग ओळखीचा आहेच. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, आठवड्याने पुन्हा पुसा. उन्हाळ्यात पानांच्या खाली चंदेरी, धुरकट छटा आणि बारीक जाळी दिसली तर ती कोळी नावाची बारीक कीड, पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसत राहा. पावसाळ्यात मुळांची टोकं रात्रीतून कुरतडलेली दिसली तर कुंडीखाली गोगलगाय शोधा.

९. पुन्हा फुलं

इथे नाशिककर पुण्यापुढे नसले तरी मुंबईपुढे नक्की आहेत. फॅलेनॉप्सिसचा दांडा निघायला काही आठवडे गार रात्री लागतात, साधारण सोळा ते वीस अंशांच्या. मुंबईत त्यासाठी एसी लावावा लागतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास त्या आपोआप मिळतात. पावसाळा संपला की झाड रात्री गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी ठेवा. मात्र पारा तेरा-चौदाच्या खाली जायला लागला की आत घ्या, काचेपासून हातभर लांब. दहाच्या खालच्या एका रात्रीत पानांवर खड्डे पडतात, आणि आलेल्या कळ्या पिवळ्या होऊन गळतात. झाड नुकतंच दुखण्यातून उठलं असेल तर या वर्षी दांडा आला तरी लहान असतानाच खुडून टाका. जीवावर येतं, पण तीन धड पानं आणि मुठीएवढी मुळं होईपर्यंत फुलांचं ओझं नको.

दांडा आणि मूळ सुरुवातीला सारखेच दिसतात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला वळलेलं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं.

कळ्या धरल्यावर जागा हलवू नका आणि आसपासच्या वासांकडे, धुराकडे लक्ष द्या. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या गळतात. केळ्यांचा घड, आंब्याची अढी त्याच खोलीत नको. द्राक्षं त्या मानाने निरुपद्रवी, त्यामुळे हंगामात आलेली पेटी तिथे ठेवायला हरकत नाही. उदबत्ती-धुपाच्या धुरातही इथिलीन असतं, म्हणून देवघराच्या शेजारची जागा ऑर्किडसाठी नाही.

दांडा वितीएवढा झाला की शेजारी काडी रोवा. रोवताना कप उजेडात धरून बघा, काडी मुळातून जाऊ देऊ नका. दांडा दर काही इंचांवर सैल बांधत जा, आणि फुलं उमलेपर्यंत कुंडीची उजेडाकडची बाजू बदलू नका. फिरवत राहिलात तर कळ्या उजेड शोधत वळतात आणि फुलं चारही दिशांना तोंड करून उमलतात. कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला मार्करने एक रेघ मारून ठेवा, म्हणजे पाणी देऊन परत ठेवताना बाजू चुकणार नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कोणी पाणी दिलं तरी त्यांना ती रेघ दाखवता येईल.